आयव्हीआयजीनंतर बायकोचं डोकं इतकं दुखलं की आता पुढचा डोस नकोच म्हणतेय

रातकिडा
नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

बायकोला सीआयडीपी निघालाय, म्हणजे आपलीच इम्युनिटी नसांवरचं आवरण खात बसते तो प्रकार. आधी पाय जड, मग जिना चढवेना, मग केसांना क्लिप लावायला हात वर जाईना. न्यूरोवाल्यांनी आयव्हीआयजी सांगितलं, म्हणजे दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी शिरेतून देतात ते औषध. वजन ५० किलो, किलोमागे २ ग्रॅम म्हणजे एकूण १०० ग्रॅम, ते पाच दिवसांत वाटून रोज २०. बाटल्या १० टक्केवाल्या, १०० मिलीत १० ग्रॅम, म्हणजे रोज दोन बाटल्या. सकाळी जायचं, लावून घ्यायचं, घरी यायचं. पाचही दिवस तसे बरे गेले, थोडी कणकण, थोडं अंग दुखणं एवढंच.

पाचव्या दिवशी घरी आलो आणि रात्री दोनला ही उठून बसली. डोकं दोन्ही हातांनी धरलेलं. मी मोबाईलचा टॉर्च लावला तर ओरडलीच, बंद कर म्हणाली. मान पुढे वाकवता येईना, दोन उलट्या. तसंच उचलून कॅज्युअल्टीत नेलं. पाठीतलं पाणी काढलं, त्यात पेशी वाढलेल्या, पण कल्चरमध्ये काही उगवलं नाही. असेप्टिक मेनिंजायटिस म्हणाले, म्हणजे जंतू नसताना मेंदूच्या आवरणाला आलेली सूज, औषधाचा साईड इफेक्ट आहे, आपोआप जाईल. गेलं खरं, तीन दिवसांत, पण ते तीन दिवस आम्ही खिडकीला चादर लावून काढले.

आता गंमत अशी की दोन आठवड्यांनी ही कठड्याला न धरता जिना चढली! म्हणजे औषध लागू पडलंय. आणि पुढच्या आठवड्यात ५० ग्रॅमचा पुढचा डोस आहे तर ही म्हणते पाय गेले तरी चालतील पण ते डोकं परत नको. काय सांगू तिला? परत तसंच होतं का? आणि किडनी, रक्ताच्या गुठळ्या वगैरे नेटवर वाचून माझीच झोप उडालीय.

थेंबेथेंबे
रातकिडा, आधी तिला सांगा की तिची भीती खोटी नाहीये, ती डोकेदुखी ज्याने भोगलीय त्यालाच कळते. मी ११ वर्षं घेतेय, माझं कारण वेगळं आहे, माझ्या शरीरात अँटीबॉडीच पुरेशा तयार होत नाहीत म्हणून दर चार आठवड्यांनी भरून घ्यायच्या. माझा डोस किलोमागे अर्धा ग्रॅम, तुमच्या हिचा चौपट होता, त्यामुळे माझं सगळंच तुम्हाला लागू होईल असं नाही.

पण एक गोष्ट अनुभवाने सांगते, निम्म्याहून जास्त त्रास हा औषधाचा नसतो तर घाईचा असतो. एकदा माझ्या वेळी ड्यूटी बदलायची वेळ झाली होती आणि कुणीतरी येऊन पंपावरचा आकडा वाढवून गेलं, मला विचारलंही नाही. दहा मिनिटांत दातावर दात आपटायला लागले, पाठीत कळ, छातीवर दगड ठेवल्यासारखं. मी बेल दाबली, सिस्टरने थांबवलं, अर्ध्या तासाने निम्म्या स्पीडने परत चालू केलं तर काहीसुद्धा झालं नाही. तीच बाटली, तेच औषध बरं का! तेव्हापासून पंपाचा आकडा मी स्वतः बघते, आणि कुणी हात लावला की विचारते किती केलंत.

दुसरं म्हणजे पाणी. आदल्या दिवसापासून भरपूर प्यायचं, त्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशीही. अर्थात ज्यांना हार्टमुळे किंवा किडनीमुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी आपल्या मनाने करू नये.

उगाचच
मला एक कळत नाही, हे औषध हजारो लोकांच्या रक्तापासून करतात ना? मग एचआयव्ही, कावीळ याचं काय? डोकेदुखीचं सगळे बोलतायत, खरी भीती तर ती असायला पाहिजे. नैसर्गिकरीत्या इम्युनिटी वाढवायचं सोडून हे कशाला?

पिंपळपान
उगाचच, नैसर्गिकरीत्या इम्युनिटी वाढवायची म्हणताय, पण त्या वहिनींची इम्युनिटीच तर नको तिथे चरतेय, आणखी वाढवून काय करणार 😀 असो, पहिला प्रश्न मात्र रास्त आहे. मी प्लाझ्माच्या (रक्तातला पातळ पिवळसर भाग) कामात काही वर्षं काढलीत म्हणून लिहितो.

एका बॅचसाठी खरंच हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करतात, आणि तो मुद्दाम. जितके जास्त दाते तितक्या वेगवेगळ्या जंतूंविरुद्धच्या अँटीबॉडी त्यात येतात. भीतीला इतिहासही आहे, १९९३-९४ मध्ये एका ब्रँडमधून खरोखर हिपॅटायटीस सी पसरला होता. त्यानंतर नियम बदलले. आता प्रत्येक दात्याची टेस्ट असतेच, पण तेवढ्यावर कुणी विसंबत नाही. सॉल्व्हंट-डिटर्जंट म्हणून एक पायरी असते, एचआयव्ही, हिपॅटायटीस बी आणि सी या विषाणूंना चरबीचं आवरण असतं, ते साबणाने तेलकटपणा विरघळावा तसं विरघळून जातं आणि विषाणू निकामी. काही कंपन्या आम्लात ठेवतात, काही ठरावीक तापमानाला तापवतात, बरेच जण शेवटी इतक्या बारीक गाळणीतून काढतात की अँटीबॉडी पलीकडे जाते पण विषाणू अडकतो. एकाच पद्धतीवर न थांबता दोन-तीन वेगवेगळ्या लावतात. आयव्हीआयजीतून एचआयव्ही झाल्याची खात्रीशीर केस नाही. धोका शून्य असं मीच काय कुणीच म्हणणार नाही, पण आज या औषधाच्या काळज्यांच्या यादीत हा मुद्दा बराच खाली आहे.

एक गंमत मात्र लक्षात ठेवा. दात्यांच्या अँटीबॉडी तुमच्या रक्तात फिरत असतात, त्यामुळे नंतर काही आठवडे-महिने रक्ततपासणी चकवते. माझ्या ओळखीत एकाची हिपॅटायटीस बीची कोअर अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली आणि घरात रडारड. काहीही झालं नव्हतं, ती उसनी अँटीबॉडी होती. म्हणून ज्या काही अँटीबॉडीच्या टेस्ट करायच्या त्यांचं रक्त पहिल्या डोसच्या आधी काढून ठेवायचं. ईएसआर, म्हणजे शरीरात सूज आहे का ते सांगणारी रक्ततपासणी, तोही नंतर उगाच वाढलेला दिसतो.

उगाचच
हे माहीत नव्हतं. चरबीचं आवरणवालं पटलं. नैसर्गिकवालं मागे घेतो.

मावशी_ऑनड्यूटी
मी इन्फ्यूजन रूमला काम करते, थेंबेथेंबे ताईंचं वाचून कसंतरीच झालं कारण घाई आमच्याकडून होते कधीकधी, खोटं कशाला बोलू. पण मग ऐका आमच्याकडे नीट असतं तेव्हा कसं असतं.

बाटली फ्रीजमधून काढून थेट लावायची नाही, आधी बाहेर ठेवायची, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. गरम पाण्यात वगैरे बुडवायची नाही. आणि हलवायची तर मुळीच नाही, अँटीबॉडी म्हणजे प्रोटीन, हलवलं की फेस येतो. पावडरवाली असेल तर दोन तळव्यांत धरून हळूहळू फिरवायची, विरघळायला वेळ लागतो, लागू दे. उजेडात धरून बघायचं, गढूळ किंवा कण दिसले तर परत. मग बाटलीवरचा स्टिकर, ज्याच्यावर बॅच नंबर असतो, तो काढून पेशंटच्या फाईलला. आम्ही एक जास्तीचा पेशंटच्या वहीत पण लावतो.

स्पीड म्हणाल तर १० टक्केवाल्याला साधारण ताशी किलोमागे अर्धा मिलीने सुरुवात, म्हणजे ५० किलोला ताशी २५ मिली. पहिला अर्धा तास तेवढंच. बीपी, नाडी, ताप बघायचा, ठीक असेल तर पुढची पायरी, परत बघायचं. कमाल स्पीड प्रत्येक ब्रँडच्या कागदावर वेगळा असतो आणि तो सगळ्यांसाठी नसतो, वयस्कर, किडनीवाले, हार्टवाले यांना आम्ही बराच खाली ठेवतो. पहिल्यांदा घेणारे, मोठ्या गॅपनंतर घेणारे आणि ब्रँड बदललेले, या तिघांकडे माझं जास्त लक्ष असतं. अंगात ताप, इन्फेक्शन असेल तर लावायच्या आधीच डॉक्टरांना फोन, कारण अशा वेळी रिॲक्शन जास्त येते.

आणि अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, घशात आवळणं, श्वास लागणं, हे स्पीड कमी करून बघायचं काम नाही, तिथे सरळ बंद आणि डॉक्टरला हाक. तसं क्वचितच होतं, पण होतं.

रातकिडा
मावशी, स्टिकरचं आम्हाला कुणीच सांगितलं नाही. ब्रँड कुठला होता तेही आठवत नाही, फोटो शोधतो.

वाटसरू७
माझा अनुभव वेगळ्याच गोष्टीचा आहे पण लिहून ठेवतो, कुणाच्यातरी कामी येईल. वडिलांना जीबीएस (नसांवरच इम्युनिटीचा अचानक हल्ला होतो तो आजार) झाला होता तेव्हा पाच दिवस आयव्हीआयजी दिलं. त्यांना शुगर आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोटातून रक्त काढून मीटरवर बघितलं तर २९०. इन्शुलिन भरून सिस्टर उभी, आणि वडील म्हणतायत मला उलट घाम येतोय, हात थरथरतोय. नशिबाने राऊंडवरच्या ज्युनियर डॉक्टरने ऐकलं आणि लॅबला सॅम्पल पाठवलं, लॅबची शुगर ७०च्या आत!

कारण काय तर त्या ब्रँडमध्ये अँटीबॉडी टिकून राहायला माल्टोज नावाची एक साखर घातलेली असते, आणि काही जुन्या पद्धतीच्या मीटरना माल्टोज आणि ग्लुकोज यातला फरकच कळत नाही, दोन्ही मिळून आकडा दाखवतात. सगळ्या ब्रँडमध्ये माल्टोज नसतं, सगळे मीटरही तसे नसतात. पण घरात शुगरचा पेशंट असेल तर विचारून घ्या, यात माल्टोज आहे का आणि आमचं मीटर चालेल का. दोन वाक्यं आहेत फक्त.

दोनाची_आई
धाग्याशी थोडं अवांतर, पण माझ्या धाकट्याला कावासाकी (लहान मुलांना ताप येऊन रक्तवाहिन्या सुजतात तो आजार) झाला होता तेव्हा किलोमागे २ ग्रॅम एकाच वेळी, दहा-बारा तास चालू होतं. रात्रभर मी ड्रिप चेंबरमधले थेंब बघत बसले होते. त्याला मधेच ताप चढला, तेव्हा मला वाटलं औषध लागू पडत नाहीये. डॉक्टर म्हणाले औषधाचाही ताप येतो, संपल्यावर ३६ तास थांबून बघू, तरी ताप राहिला किंवा परत आला तर मग दुसरा विचार करू. उतरला.

मला सांगायचंय ते लसीचं. डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ होती, एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) आणि कांजिण्यांची लस ११ महिने नको. मी विसरले असते, पण लसीकरणाच्या कार्डावर लाल पेनाने लिहून ठेवलं. दात्यांच्या अँटीबॉडी जिवंत लसीला रुजूच देत नाहीत, मग लस दिली काय नि न दिली काय. डोस कमी असेल तर महिनेही कमी होतात. बाकीच्या साध्या लसी वेळेवर झाल्या.

शिकाऊ_न्यूरो
आधीच सांगतो की ही ओपीडी नाही, तुमच्या डॉक्टरांना पेशंट दिसतोय, मला नाही. तरी काही गोष्टी.

रातकिडा, दोन प्रश्न. तिला आधीपासून अर्धशिशी आहे का? आणि पाळीसाठी किंवा इतर कशासाठी हॉर्मोनच्या गोळ्या चालू आहेत का?

असेप्टिक मेनिंजायटिस बहुतेक वेळा डोस संपल्यावर काही तासांत ते दोन दिवसांत येतो, किलोमागे २ ग्रॅमसारख्या मोठ्या डोसला आणि भरभर दिल्यावर जास्त, आणि मायग्रेनवाल्यांना जास्त. काही दिवसांत मागे काही न ठेवता जातो. पण पेशंटला आणि मला रात्री दोन वाजता तो खऱ्या मेनिंजायटिससारखाच दिसतो, म्हणून तुम्ही कॅज्युअल्टीत गेलात ते शंभर टक्के बरोबर केलंत. 'आयव्हीआयजीचंच असेल' म्हणून घरी बसणं हा मूर्खपणा ठरला असता.

परत होईल का? होऊ शकतं, प्रत्येक वेळी होतंच असं नाही. पुढचा डोस निम्मा आहे, तो एका दिवसाऐवजी दोन दिवसांत वाटता येतो, स्पीड खूप खाली ठेवता येतो, आधी सलाईन देता येतं, ब्रँड बदलून बघता येतो. पॅरासिटामॉल आणि अँटीॲलर्जिक आधी देतातच. स्टेरॉइड पण बरेच जण देतात, पण ते दिलं की मेनिंजायटिस टळतोच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही.

थेंबेथेंबे
डॉक्टर, मला तर दर वेळी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे स्टेरॉइडच, देतात आणि त्यानेच मी तरलेय असं माझं मत आहे.

शिकाऊ_न्यूरो
ताई, अंग थरथरणं, पित्त यासाठी उपयोग होतो, नाही म्हणत नाही. मी फक्त त्या विशिष्ट डोकेदुखीबद्दल बोललो. आणि तुमचा स्पीडही तुम्हीच सांभाळता, त्यामुळे श्रेय नेमकं कुणाचं हे ठरवणं अवघड आहे 😀

आता किडनी आणि गुठळ्या. किडनीचं प्रकरण १९९० च्या दशकात पुढे आलं, तेव्हा साखर म्हणजे सुक्रोज घातलेल्या ब्रँडमध्ये ते जास्त दिसलं, ती साखर किडनीच्या नळ्यांमध्ये जाऊन बसायची. आता बरेच ब्रँड सुक्रोजशिवाय असतात. तरी डोसच्या आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघायचं, आणि लघवी कमी झाली, पाय सुजले तर कळवायचं.

गुठळ्यांचं मात्र मी हलक्यात घेत नाही. एवढं प्रोटीन एकदम रक्तात गेलं की रक्त घट्ट होतं, शिवाय काही बॅचमध्ये गोठवणारा फॅक्टर अकरा शिल्लक राहिल्याचं सापडलं होतं, त्यावरून २०१० मध्ये एक ब्रँड बाजारातून मागे घेतला गेला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) सगळ्याच ब्रँडवर गुठळ्यांचा चौकटीतला इशारा छापायला लावला. वय जास्त, अंथरुणाला खिळलेला, आधी गुठळी किंवा स्ट्रोक झालेला, मोठ्या शिरेत नळी असलेला, आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणारी, यांना धोका जास्त. म्हणून गोळ्यांचं विचारलं. एका पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं, अचानक दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं तर धाग्यावर लिहीत बसू नका, निघा.

रातकिडा
आत्ता तिला विचारलं. अर्धशिशी कॉलेजपासून आहे. आणि पाळीच्या त्रासासाठी गोळ्या गेली दोन वर्षं चालू आहेत, वेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या. न्यूरोच्या फाईलवर दोन्हीतलं काहीच लिहिलेलं नाही. आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगावंसं वाटलं नाही, डोक्याचा आणि पायाचा काय संबंध असं वाटलं. उद्याच जातो.

शिकाऊ_न्यूरो
जा. गोळ्या मनाने बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं कळू द्या.

वाटसरू७
अजून एक राहिलं. वडिलांचा ब्लडग्रुप एबी. डोस संपल्यावर सहाव्या दिवशी लघवी गडद लालसर, चेहरा पिवळट, दोन पावलं चालले की धाप. हिमोग्लोबिन १३ वरून ९ वर. दात्यांच्या प्लाझ्मात ए आणि बी ग्रुपविरुद्धच्या अँटीबॉडी पण असतात, त्या मोठ्या डोसला तांबड्या पेशी फोडतात म्हणे. ओ ग्रुपवाल्यांना ही भीती जवळपास नाही. रक्त चढवायची वेळ आली नाही, हळूहळू भरून आलं. पण तोपर्यंत आम्ही डिस्चार्ज घेऊन निवांत झालो होतो ना, वाटलं आजाराचाच अशक्तपणा आहे.

मावशी_ऑनड्यूटी
हेच. आमच्या खोलीत असेपर्यंत आमचं लक्ष असतं, खरं लक्ष ठेवायचं ते पुढचे दहा दिवस घरच्यांनी. मोठा डोस आणि ए, बी किंवा एबी ग्रुप असेल तर आठवड्याने एकदा हिमोग्लोबिन करायला मी सगळ्यांना आठवण करते, डॉक्टर लिहायला विसरले तरी.

रातकिडा
अपडेट देतो. उशीर झाला, सॉरी, घरात बरीच चर्चा आणि थोडी रडारड झाली.

डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी शांतपणे ऐकल्या, गोळ्यांबद्दल तिच्या दुसऱ्या डॉक्टरांशी समोरच फोनवर बोलले आणि इस्ट्रोजेन नसलेली दुसरी गोळी सुरू झाली. ५० ग्रॅम दोन दिवसांत, रोज २५. आधी सलाईन. सुरुवात ताशी २५ मिलीने आणि ६०च्या वर अजिबात न्यायचं नाही असं फाईलवर मोठ्या अक्षरात. तिनेच पंपाकडे तोंड करून खुर्ची मागून घेतली. मधे एक सिस्टर आल्या आणि बटणाकडे हात गेला तर ही म्हणाली 'साठच्या वर नाही हं', त्यांनी फाईल बघितली आणि हसून गेल्या.

डोकं दुखलं, दुसऱ्या रात्री. पण उजेड चालत होता, मान वाकत होती, पॅरासिटामॉल आणि दोन तांबे पाणी, सकाळी उठून स्वतः केसांना क्लिप लावली. वहीत पाच स्टिकर लावलेत, बाटल्यांचे बॅच नंबर तीन एकसारखे आणि दोन वेगळे. हिमोग्लोबिन पुढच्या सोमवारी, ग्रुप बी आहे.

एकच नवीन, आज बाराव्या दिवशी तळहातावर बारीक पाण्याच्या पुटकुळ्या आल्यात, खाज सुटतेय. हे पण त्याचंच का?

थेंबेथेंबे
बोटांच्या कडेने साबुदाण्यासारख्या दिसतायत का? मला तिसऱ्या वर्षी आल्या होत्या, स्किनवाल्यांनी आयव्हीआयजीनंतरचा एक्झिमा म्हणून मलम दिलं होतं, आठवडाभर सालं निघाली आणि गेलं. फोटो काढून ठेवा आणि वहीत तारीख घाला, त्या स्टिकरांच्या शेजारीच.